धागा: फ्रेंच क्रियापद 'क्र्वात्र' – अर्थ, मूळ आणि नेमका वापर

मेघमल्हार (धागाकर्ता)

वाढणे या अर्थाची ग्राँदीर, पूसे, ग्रोसीर, ओगमाँते ही क्रियापदे फ्रेंच शिकणाऱ्याला पहिल्या वर्षातच भेटतात. 'क्र्वात्र' उशिरा येते, आणि येते तेही थेट अनियमित क्रियापदांच्या तक्त्यात. शब्दकोशात अर्थ एका ओळीत मिळतो, वाढणे. पण कोणत्या वाढीला क्र्वात्र म्हणायचे आणि कोणत्या वाढीला म्हणायचे नाही, हे तिथे कळत नाही. शिवाय 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या 'क्र्वार'शी त्याची रूपे इतकी मिळतीजुळती आहेत की वाचताना अडखळायला होते.

जाणकारांनी नीट तपशिलात लिहावे. फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू आणि स्पेलिंगचा मुद्दा येईल तिथे अक्षरे सांगू. स्वरावर येणाऱ्या छपरासारख्या चिन्हाला, म्हणजे सिर्कोंफ्लेक्सला, इथे 'टोपी' म्हणू. तर आपल्या क्रियापदाचे स्पेलिंग असे: सी, आर, ओ, टोपीवाला आय, टी, आर, ई.

औदुंबर

चांगला विषय. आधी वापराचे बघू, कारण चुका तिथेच जास्त होतात.

क्र्वात्र हे अकर्मक क्रियापद आहे. आकार, संख्या, तीव्रता किंवा कालावधी हळूहळू वाढत जाणे, असा त्याचा अर्थ. दिवस मोठे होत जातात, चिंता वाढते, लोकसंख्या वाढते, मागणी वाढते, तिथे ते शोभते. भाषेचा थर मात्र लिखित आहे. अहवाल, वर्तमानपत्रातला अग्रलेख, विज्ञानाचे पुस्तक, कविता. घरात, बाजारात कोणी सहसा क्र्वात्र म्हणत नाही.

बोलताना काम असे वाटले जाते. मूल उंच होते, मोठे होते, तेव्हा ग्राँदीर. केस, नखे, दात, गवत, रोप वाढते तेव्हा पूसे. या क्रियापदाचा पहिला अर्थ ढकलणे, पण वनस्पती आणि केसांच्या बाबतीत रोजचा शब्द हाच. जाड होणे, वजन वाढणे याला ग्रोसीर. फळ भरते किंवा नदी फुगते तेव्हाही ग्रोसीर चालते, आणि सूक्ष्मदर्शकाने वस्तू मोठी दिसते तेव्हाही तेच. किंमत, पगार, भाडे, आकडे यांना ओगमाँते. पाण्याची पातळी आणि तापमान यांना चढणे या अर्थाचे मोंते.

मराठी माणसाची ठरलेली चूक म्हणजे 'माझा मुलगा भराभर वाढतोय' याचे भाषांतर क्र्वात्र वापरून करणे. व्याकरण बरोबर, पण ऐकणाऱ्याला वनस्पतिशास्त्राचे पुस्तक वाचल्यासारखे वाटेल. तिथे ग्राँदीरच हवे.

वनस्पतींच्या बाबतीत एक बारकावा. 'पूसे'मध्ये रोप वर येताना दिसते. फ्लोरा प्रकारच्या, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद देणाऱ्या ग्रंथांत 'ही जात ओलसर जमिनीत क्र्वा' असे येते, तेव्हा तिथे वाढीचा वेग सांगायचा नसतो, अधिवास सांगायचा असतो. मराठीत अशा जागी 'वाढते' लिहिण्यापेक्षा 'आढळते' लिहावे. भाषांतर करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

पाऊलवाट

सकर्मक कसे करायचे? 'तो टोमॅटो पिकवतो', 'दाढी वाढवली', 'कंपनीने उत्पादन वाढवले' हे सगळे मराठीत वाढवणे-पिकवणेच्या घरातले. क्र्वात्रला कर्म जोडता येते का?

औदुंबर

आजच्या फ्रेंचमध्ये नाही. 'इल क्र्वा दे तोमात' हे वाक्य चूकच. टोमॅटोसाठी क्युल्तिवे, किंवा फॅर पूसे म्हणजे उगवायला लावणे. दाढीसाठी स लेसे पूसे ला बार्ब, शब्दशः 'स्वतःची दाढी वाढू देणे'. मुलांना वाढवणे आणि जनावरे पाळणे या दोन्हींना एलव्हे. उत्पादन, क्षमता, अधिकार, दबाव वाढवणे यासाठी क्र्वात्रचेच भावंड आहे: आक्र्वात्र. ते सकर्मक. त्याला 'स' लावला की साक्र्वात्र, म्हणजे आपोआप वाढणे, आणि लिखित भाषेत ते क्र्वात्रपेक्षाही जास्त दिसते. उलट्या दिशेला देक्र्वात्र, घटत जाणे. तेही अकर्मक.

पत्रकारी फ्रेंचमध्ये आक्र्वात्रचे भूतकालवाचक विशेषण सतत भेटते. 'वाढीव दक्षता', 'वाढता धोका' अशा ठिकाणी नामानंतर आक्र्यू येते आणि नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. स्त्रीलिंगात शेवटी ई लागतो, उच्चार तोच राहतो.

शब्दमूळ

व्युत्पत्तीचे मी लिहितो.

मूळ लॅटिन क्रियापद क्रेस्केरे, अर्थ वाढणे, वर येणे. त्यातला 'स्क' हा प्रत्यय आहे, क्रिया सुरू होऊन पुढे चालू राहिल्याचा. तो काढला की उरणारा धातू 'उत्पन्न करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रेआरेमध्येही आहे, आणि धान्याची रोमन देवता केरेस हिचे नावही त्याच कुळातले मानतात. आपल्या 'वाढणे'च्या मुळाशी संस्कृत वृध् आहे. तो वेगळा धातू, क्रेस्केरेशी त्याचे नाते नाही. ध्वनी जुळवून नाते लावण्याचा मोह इथे टाळावा.

आता 'त्र' कुठून आला? बोली लॅटिनमध्ये आघात पहिल्या अक्षरावर होता. मधला स्वर गळला आणि 'स' व 'र' शेजारी आले. जीभ 'स'वरून 'र'वर जाताना मध्ये 'त' उमटतो. म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये क्रेइस्त्र, मग क्रोइस्त्र. नेत्र (जन्मणे), कोनेत्र (ओळखणे), पारेत्र (दिसणे) आणि खुद्द एत्र (असणे) यांतला 'त' असाच आला आहे. पुढे व्यंजनाआधीचा 'स' उच्चारातून गेला, तरी स्पेलिंगमध्ये बराच काळ टिकला. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या १७४० च्या तिसऱ्या आवृत्तीने असे मूक एस मोठ्या प्रमाणावर काढून टोपी बसवली. म्हणजे क्र्वात्रच्या आयवरची टोपी ही गेलेल्या एसची खूण आहे.

वर्तमानकाळाच्या अनेकवचनात तो लॅटिन 'स्क' अजून ऐकू येतो. नू क्र्वासों, व्हू क्र्वासे, इल क्र्वास यांतला दोन एस लिहिलेला 'स' तोच. गंमत म्हणजे नू ग्राँदिसों, नू ग्रोसिसों, नू फिनिसों यांतला 'इस'ही त्याच लॅटिन प्रत्ययातून आला. फ्रेंच क्रियापदांचा दुसरा गट त्या प्रत्ययावर उभा आहे.

आणखी एक प्रश्न येतो, की कोनेत्र एआयने लिहितात आणि क्र्वात्र ओआयने, असे का? पूर्वी दोन्ही ओआयने लिहीत. ज्या शब्दांत उच्चार 'ए' झाला होता त्यांचे स्पेलिंग अकादमीने १८३५ मध्ये एआय केले. इथे उच्चार 'वा' ठरला म्हणून ओआय राहिला.

इंद्रवज्रा

या कुळातले कितीतरी शब्द इंग्रजीवाटे मराठीत रोज वापरले जातात, त्यांची यादी करण्यासारखी आहे. काँक्रीट: लॅटिन कोंक्रेतुस, एकत्र वाढून घट्ट झालेले. इन्क्रिमेंट: पगारवाढ. रिक्रूट: फ्रेंच रक्र्यू, म्हणजे पुन्हा झालेली वाढ, त्यावरून सैन्यातली नवी भर. क्रू: विमानाचा, जहाजाचा, चित्रीकरणाचा. हाही जुन्या फ्रेंचमधल्या 'क्र्यू'वरून, आधी अर्थ कुमक, मग पथक. संगीतातला क्रेसेंडो इटालियनवाटे आला.

शब्दमूळ

सगळे बरोबर. फ्रेंचमध्ये रक्र्यू हे नाम व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, भरती झालेला पुरुष असला तरी. लेख लिहिताना विशेषण स्त्रीलिंगी ठेवायचे.

तक्तेवाली

रूपे देते. दोन्ही क्रियापदे शेजारी ठेवून पाहिली तरच फरक डोक्यात बसतो.

वर्तमानकाळ, क्र्वात्र: झ क्र्वा, त्यू क्र्वा, इल क्र्वा. तिन्हींत आयवर टोपी, पहिल्या दोघांत शेवटी एस, तिसऱ्यात टी. अनेकवचन: नू क्र्वासों, व्हू क्र्वासे, इल क्र्वास.

वर्तमानकाळ, क्र्वार: उच्चार तेच, क्र्वा, क्र्वा, क्र्वा. टोपी कुठेच नाही. अनेकवचन: नू क्र्वायों, व्हू क्र्वाये, इल क्र्वा.

म्हणजे एकवचनात कान काही सांगत नाही, फक्त टोपी सांगते. अनेकवचनात 'स' ऐकू आला की वाढ, 'य' ऐकू आला की विश्वास. श्रुतलेखनात याच खुणेवर भिस्त ठेवावी.

अपूर्ण भूतकाळ: झ क्र्वासे, पुढे नियमित. भविष्यकाळ: झ क्र्वात्रे, स्पेलिंगमध्ये टोपीवाला आय कायम. विध्यर्थ वर्तमान: क झ क्र्वास, क नू क्र्वास्यों.

साधा भूतकाळ फक्त लिखाणात. क्र्वात्रची सहाही रूपे यूवर टोपी घेतात. क्र्वारची पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी रूपे टोपीशिवाय. 'नू' आणि 'व्हू'ची रूपे मात्र दोन्ही क्रियापदांत हुबेहूब एकच: क्र्यूम, क्र्यूत, दोन्हीकडे टोपी. कारण या दोन पुरुषांना प्रत्येक क्रियापदात टोपी लागतेच. विध्यर्थ भूतकाळाच्या तृतीयपुरुषी एकवचनातही दोन्ही सारखी. तिथे संदर्भाशिवाय इलाज नाही.

भूतकालवाचक धातुसाधित: सी, आर, टोपीवाला यू. ही टोपी फक्त पुल्लिंगी एकवचनात. स्त्रीलिंग आणि अनेकवचनात टोपी उडते. सहायक क्रियापद आव्ह्वार: 'ला पोप्युलास्यों आ क्र्यू', लोकसंख्या वाढली.

सर्वांत फसवी जागा भावंडांची. आक्र्वात्र आणि देक्र्वात्र यांचा 'विश्वास'शी गोंधळ होण्याची शक्यता नाही, म्हणून त्यांच्यात आयवर टोपी फक्त टीच्या आधी येते. झाक्र्वा, त्यू आक्र्वा यांत टोपी नाही, इल आक्र्वामध्ये आहे. आणि आक्र्यू, देक्र्यू या धातुसाधितांवर टोपी नाहीच. क्र्वात्रवरून अंदाज बांधून आक्र्यूवर टोपी चढवणे ही चूक छापील मजकुरातही सापडते.

पाऊलवाट

१९९० च्या शुद्धलेखन सुधारणेत टोप्या गेल्या ना? मग हे सगळे पाठ करायचे कशाला?

तक्तेवाली

सगळ्या गेल्या नाहीत, आणि हे क्रियापद नेमके त्या अपवादांत आहे. सुधारणा ६ डिसेंबर १९९० च्या सरकारी राजपत्रात आली. आय आणि यू वरची टोपी ऐच्छिक झाली, पण जिथे ती दोन शब्दांत भेद करते तिथे आणि साध्या भूतकाळ व विध्यर्थ भूतकाळाच्या प्रत्ययांत ती ठेवली. त्यामुळे नव्या पद्धतीत मूळ रूप 'क्र्वात्र' टोपीशिवाय, भविष्यकाळ टोपीशिवाय. पण झ क्र्वा, त्यू क्र्वा, इल क्र्वा, साधा भूतकाळ आणि धातुसाधित क्र्यू यांची टोपी कायम, कारण ती काढली तर क्र्वारची रूपे होतील. आक्र्वात्र, देक्र्वात्र यांच्यात मात्र वर्तमान आणि भविष्यातल्या टोप्या गेल्या. साध्या भूतकाळात नू-व्हूची टोपी राहिली.

दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. एका मजकुरात एकच ठेवा. आधी जुनी शिकावी असे माझे मत, कारण जुनी पुस्तके आणि बरीच वर्तमानपत्रे तिच्यातच आहेत.

नदीकाठ

पुरावर कोणी लिहिले नाही अजून. 'क्र्यू' हे स्त्रीलिंगी नाम, धातुसाधिताच्या स्त्रीलिंगी रूपातून आलेले, म्हणून टोपी नाही. अर्थ नदीचे पाणी वाढणे. 'आँ क्र्यू' म्हणजे नदीला पूर आला आहे. उतरते पाणी देक्र्यू.

पुरासाठी फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत आणि ते अदलाबदल करून चालत नाहीत. क्र्यू ही नदीची अवस्था: पातळी वाढली, पाणी पात्रातच असेल तरी. इनोंदास्यों म्हणजे पाणी पात्राबाहेर पडून वस्ती, शेत बुडणे. जलशास्त्राच्या अहवालाचे भाषांतर करताना क्र्यूला 'पाणी वाढणे' किंवा 'नदीला पूर', इनोंदास्योंला 'जलमय होणे' असा भेद ठेवावा. कृष्णा-पंचगंगेच्या बातम्यांत आपण 'इशारा पातळी' आणि 'धोका पातळी' म्हणतो, त्या क्र्यूच्या पायऱ्या. सांगली-कोल्हापूरच्या वस्तीत पाणी शिरते ते इनोंदास्यों.

संदर्भाची घटना म्हणजे जानेवारी १९१० चा पॅरिसचा पूर. ऑस्टर्लिट्झ पुलाच्या मापावर सीन नदी ८.६२ मीटरपर्यंत चढली होती. आजही तिथल्या पूरनियोजनात तो आकडा तुलनेला घेतात. त्या संदर्भात 'क्र्यू साँतेनाल' ही संज्ञा येते. शब्दशः शतकी पूर, पण अर्थ 'शंभर वर्षांनी एकदा' असा नाही. कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच. लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. भाषांतरात 'शंभर वर्षांतून एकदा येणारा' लिहिले की वाचक पुढची नव्वद-पंचाण्णव वर्षे निर्धास्त होतो, म्हणून 'वार्षिक १ टक्का संभाव्यतेचा पूर' असे लिहावे.

मेघमल्हार

फार उपयोगी. वाइनच्या बाटलीवरचा 'ग्राँ क्र्यू' हाही इथलाच का? तिथेही टोपी दिसत नाही.

शब्दमूळ

हो, इथलाच. क्र्वात्रच्या धातुसाधितावरून आलेले पुल्लिंगी नाम: त्या मातीत जे वाढले ते, आणि मग ती जमीन. नाम झाल्यावर टोपी गेली. बोर्दोच्या १८५५ च्या वर्गीकरणात तांबड्या वाइनचे पाच दर्जे ठरले, पहिल्या क्र्यूपासून पाचव्यापर्यंत. पहिल्या गटात नंतर एकच बढती झाली, १९७३ मध्ये मूतों रोतशिल्द या मळ्याची. बर्गंडीत क्र्यूचा दर्जा द्राक्षमळ्याच्या जमिनीला असतो, बोर्दोच्या त्या वर्गीकरणात तो मालमत्तेला, म्हणजे शातोला.

त्यावरून वाक्प्रचार 'द सों क्र्यू': स्वतःच्या मळ्यातले, म्हणजे स्वतः रचलेले. कोणी 'द सों क्र्यू' गोष्ट सांगितली म्हणजे ती त्याने स्वतःच्या मनाने रचली. कच्चे या अर्थाचे 'क्र्यू' विशेषण वेगळ्या मुळाचे, लॅटिन क्रुदुस. आणि 'विश्वास ठेवला' हेही क्र्यू. एका उच्चाराचे इतके शब्द झाले, तेव्हा संदर्भ पाहूनच अर्थ लावावा.

इंद्रवज्रा

अवांतर, पण खाण्याचा क्र्वासाँ राहिला. तो वर्तमानकालवाचक धातुसाधित: 'वाढता'. आधी वाढता चंद्र, मग कोरीचा आकार, मग त्या आकाराचा पाव. १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांचा पराभव साजरा करायला तो जन्मला, ही कथा सगळीकडे आहे, पण व्हिएन्नातला कोरीच्या आकाराचा किप्फेर्ल त्याहून जुना आहे. पॅरिसमध्ये तो ऑगुस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाच्या बेकरीने लोकप्रिय केला, १८३० च्या दशकाच्या अखेरीस. लोण्याचे पापुद्रे घालून करण्याची रीत त्यानंतरची.

चंद्राचे म्हणाल तर शुक्ल पक्षातला चंद्र ल्यून क्र्वासाँत, कृष्ण पक्षातला देक्र्वासाँत. लॅटिनमध्ये चंद्राला खोटारडा म्हणत: तो डीसारखा दिसतो तेव्हा 'देक्रेस्किट', घटतो, असे सांगतो आणि प्रत्यक्षात वाढत असतो. सीसारखा दिसतो तेव्हा 'क्रेस्किट' म्हणतो आणि घटत असतो. ही खूण युरोपच्या अक्षांशांवर नीट लागू पडते. महाराष्ट्रातून कोर बरीच आडवी, वाटीसारखी दिसते, त्यामुळे अक्षर शोधणे अवघड जाते.

जमाखर्च

हिशेब आणि कायद्याच्या कागदांत काम करणाऱ्यांसाठी चार सापळे.

एक. इंग्रजीतला 'अक्रूड इंटरेस्ट' हा आक्र्वात्रच्याच कुळातला शब्द, पण फ्रेंच हिशेबात त्याला आक्र्यू म्हणत नाहीत. तिथे 'अँतेरे कूर्यू', धावलेले व्याज. मुदत अजून आली नसेल तर पुढे 'नों एश्यू' जोडतात. आक्र्यू लिहिले तर अर्थ 'व्याज पूर्वीपेक्षा वाढले' असा होतो, आणि ताळेबंदात हा फरक मोठा आहे.

दोन. 'क्र्वा' हे पुल्लिंगी नाम कायद्यात आहे, टोपीसह. अर्थ कळपात जन्माने पडलेली भर. नागरी संहितेचे कलम ५८३ जनावरांचे उत्पन्न आणि क्र्वा यांना नैसर्गिक फळांत धरते. म्हणून उपभोगाचा हक्क असलेल्याला वासरे-कोकरे मिळतात.

तीन. नदीने हळूहळू गाळ टाकून काठाची जमीन वाढवली तर ती वाढ म्हणजे आक्र्वासमाँ. कलम ५५६ तिला आल्यूव्ह्यों म्हणते, आणि ती काठच्या जमीनमालकाला मिळते. आपल्याकडच्या मळईच्या जमिनीच्या वादांशी ताडून पाहण्यासारखे आहे, पण नियम आपापल्या कायद्याचेच लावावेत.

चार. नुसते 'ला क्र्वासाँस', पुढे विशेषण नसेल तर, बातमीत जीडीपीची वाढ असते. 'क्र्वासाँस मंदावली' म्हणजे अर्थव्यवस्था आकसली असे नाही. ती वाढतेच आहे, वेग कमी झाला. मराठी मथळ्यात 'वाढ घटली' लिहिताना ही गफलत हमखास होते, 'वाढीचा वेग घटला' लिहावे. आकसली तर 'क्र्वासाँस नेगातीव्ह' किंवा 'रेसेस्यों' येते. याच शब्दाला 'दे' लावून देक्र्वासाँस. १९७० च्या दशकात आंद्रे गोर्झ यांच्यासारख्या विचारवंतांनी तो अमर्याद आर्थिक वाढीच्या विरोधातला शब्द म्हणून वापरात आणला. तिथे 'मंदी' असे भाषांतर साफ चूक ठरेल. मंदी ओढवते, देक्र्वासाँस ही ठरवून घेतलेली दिशा.

वैद्यकसखा

डॉक्टरी कागदांतले थोडे. 'रतार द क्र्वासाँस' म्हणजे मुलाची वाढ खुंटणे. वाढीचा आलेख कुर्ब द क्र्वासाँस, तो फ्रान्समध्ये प्रत्येक मुलाच्या कार्ने द साँते या आरोग्यपुस्तिकेत असतो. पायदुखीच्या तक्रारीत 'दुलर द क्र्वासाँस' वाचले तर ती मुलांची वाढीच्या वयातली दुखणी.

पण शरीरावर 'वाढ' आहे, म्हणजे गाठ किंवा मांसल भाग आहे, असे म्हणायचे असेल तर क्र्वासाँस चालणार नाही. तिथे एक्सक्र्वासाँस, किंवा बोलीत ग्रोसर. रुग्णाची माहिती भाषांतरित करताना इथे चूक झाली तर डॉक्टर उंचीचा प्रश्न समजून बसेल.

गणितप्रेमी

फ्रेंच गणितात 'फोंक्स्यों क्र्वासाँत' म्हटले की समान राहण्याची मुभा धरलेली असते: एक्स वाढला तर फलन वाढते किंवा तेवढेच राहते. प्रत्येक वेळी वाढायलाच हवे असेल तर स्त्रिक्तमाँ क्र्वासाँत असे स्पष्ट लिहावे लागते. म्हणून तिथे स्थिर फलन क्र्वासाँतही असते आणि देक्र्वासाँतही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत 'इन्क्रीझिंग'ची व्याख्या पुस्तकागणिक बदलते, तेव्हा प्रमेय उतरवताना व्याख्या तपासा.

स्प्रेडशीटमध्ये 'त्री क्र्वासाँ' म्हणजे चढत्या क्रमाने लावणे, देक्र्वासाँ म्हणजे उतरत्या.

पाऊलवाट

परीक्षेत आलेखाचे वर्णन लिहायचे असते, त्यासाठी तयार वाक्यरचना द्याल का? 'द' आणि 'आ' यांत दरवेळी गडबड होते.

तक्तेवाली

'द' फरक सांगतो. 'क्र्वात्र द ५ पूर-साँ' म्हणजे ५ टक्क्यांनी वाढणे. कुठून कुठे गेले ते सांगायला क्र्वात्र किंवा ओगमाँते घेऊ नका, 'पासे द २० आ ३५' घ्या. फक्त शेवटचा आकडा सांगायचा असेल तर आताँद्र, म्हणजे गाठणे, आणि त्याला शब्दयोगी अव्यय लागत नाही. 'ओगमाँते आ ३५' ही रचना इंग्रजीतून घुसते, ती गुण घालवते.

टक्केवारीचा दर बदलला तर टक्के म्हणू नका, प्वँ म्हणा, अंश. ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलेला दर 'अँ प्वँ'ने वाढला. टक्क्यांत मोजला तर ती वाढ २० टक्के होते.

भूतकाळात 'आ क्र्यू' बरोबर असले तरी कानाला 'विश्वास ठेवला' असेच येते. म्हणून फ्रेंच लोकही बोलताना 'आ ओगमाँते' किंवा 'आ प्रोग्रेसे' म्हणतात. लेखी उत्तरात नाम वापरणे सर्वांत सुरक्षित: 'कोनेत्र युन फॉर्त क्र्वासाँस', जोरदार वाढ अनुभवणे. टोपीचा प्रश्नच मिटतो.

शब्दमूळ

काही ठरलेल्या जागा आहेत जिथे क्र्वात्र बदलता येत नाही. बायबलातले 'क्र्वासे ए म्युल्तिप्लिए', फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा. योहानाच्या शुभवर्तमानातले 'इल फो किल क्र्वास ए क झ दिमिन्यू', त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास. 'न फॅर क क्र्वात्र ए आँबेलीर', जे वाढत आणि बहरतच जाते ते, मग ते सौंदर्य असो वा उधारी. आणि म्हण: 'मोव्हेज़ अर्ब क्र्वा तूझूर', तण नेहमीच फोफावते. नामाआधी उपपद नाही, ही जुन्या वाक्यरचनेची खूण, ती आजच्या वाक्यात उचलू नये.

'द स्युरक्र्वा' हा क्रियाविशेषण म्हणून येणारा तुकडा मात्र आजच्या निबंधातही बिनधास्त वापरावा: शिवाय, त्यात भर म्हणून. अंत्य टी मूक.

मोकातीर

मॉरिशसमधून एक भर. इथल्या मराठी घरांत क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, रोज बोलली जाते आणि फ्रेंच वर्तमानपत्र वाचले जाते. क्रिओलमध्ये मूल 'ग्रांदी' होते, रोप 'पूस' होते, भाव 'ओगमांते' होतो. औदुंबर यांनी सांगितलेली बोलीची वाटणीच क्रिओलमध्ये उतरली आहे. वर्तमानपत्रात आणि अर्थसंकल्पाच्या भाषणात क्र्वासाँस येतेच. म्हणजे क्रियापद कमी, नाम जास्त, हे इथेही खरे.

मेघमल्हार

शेवटची शंका. 'लेज़िनेगालिते वों क्र्वासाँ', विषमता वाढत चालली आहे, हे वाक्य एका लेखात वाचले. कर्ता स्त्रीलिंगी अनेकवचनी असून क्र्वासाँला ना ई लावला आहे ना एस. छपाईची चूक आहे का?

तक्तेवाली

चूक नाही. 'आले' म्हणजे जाणे, त्यापुढे आलेले क्र्वासाँ इथे क्रियेची रीत सांगते, म्हणून ते अविकारी. नामाला चिकटून विशेषण म्हणून आले की बदलते: मागणी क्र्वासाँत, गरजा एसवाल्या क्र्वासाँ. ओळखायची खूण अशी. मराठीत 'वाढत चालली' असा अर्थ निघाला तर बदल नाही, 'वाढती' असा निघाला तर लिंगवचन लावा.